‘क्षय्य निसर्गसंपत्ति’ : कोळंबी-कासव वादांतील एका पदाचा अर्थनिर्णय

सनदा, महजर, कैफियती व करारनामे यांच्या वाचनांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांस एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. ती ही कीं, कागदाविषयीं लोकांत जें बोललें जातें तें एक असतें, आणि कागदांत जें लिहिलेलें असतें तें दुसरें असतें. वतनाच्या तंट्यांत दोन्ही पक्षांचे वंशज ‘निवाडा आमच्याकडे झाला’ असें सांगत असतात. मूळ निवाडपत्र हातीं आलें म्हणजे त्यांतील निर्णय दोघांच्याहि सांगण्याहून निराळा निघतो. हा अनुभव जुन्या कागदांपुरताच आहे असें नाहीं. इ. स. १९९८ च्या आक्टोबर महिन्यांत जिनीव्हा येथें झालेल्या एका निवाड्याचीहि हीच गत झालेली आहे. त्यांत भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड हीं चार राष्ट्रें वादी होतीं, आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें प्रतिवादी होतीं. वादाचा विषय कोळंबी. वादाचें कारण कासव.

निवाडा झाल्यावर आपल्याकडे ‘भारत जिंकला’ अशी समजूत झाली. पाश्चात्य देशांतील निसर्गरक्षक मंडळींत ‘व्यापारानें कासवाचा बळी घेतला’ अशी ओरड झाली. दोन्ही समजुती मूळ कागदाशीं जुळत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, कासवासाठीं केलेला निर्बंध त्या निवाड्यांत हेतूनें शुद्ध ठरला व आचरणानें सदोष ठरला. आणि हा भेद ज्यानें ध्यानांत घेतला नाहीं त्यास पुढील घटनांचा उलगडा होणें कठीण आहे.

पाठाची परंपरा

प्राण्याच्या रक्षणासाठीं मालाची ने-आण बंद करावी, ही कल्पना अलीकडची नव्हे. युरोपांत स्त्रियांच्या टोप्यांवर तुरे खोंवण्याची रीत वाढली, तेव्हां हिंदुस्थानांतून रानपक्ष्यांचीं कातडीं व पिसें मोठ्या प्रमाणांत बाहेर जाऊं लागलीं. हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं ही निर्यात बंद केली. परंतु जेथें गिऱ्हाईक आहे तेथें माल चोरवाटेनें पोंचतो. म्हणून पुढें आयातीच्या बाजूनें बंदी आली : अमेरिकेनें १९१३ च्या जकात-कायद्यांत पिसांच्या आयातीस मनाई केली व ब्रिटननें १९२१ सालीं तशा मनाईचा स्वतंत्र कायदा केला. तत्पूर्वीं १९११ सालीं अमेरिका, ब्रिटन, जपान व रशिया यांनीं उत्तर पॅसिफिक महासागरांतील केसाळ सीलांविषयीं तह करून भर समुद्रांतील शिकार थांबविली, आणि तहाविरुद्ध मिळविलेलीं कातडीं आपल्या देशांत येऊं द्यावयाचीं नाहींत असें परस्परांस वचन दिलें. या चारहि उदाहरणांत व्यापारबंदी हें साधन आहे. साध्य आहे तें प्राण्याचें रक्षण.

आतां करारांच्या पाठाकडे वळूं. राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९२७ सालीं जिनीव्हा येथें आयात-निर्यातीवरील बंद्या उठविण्याविषयीं एक करार तयार झाला. त्याच्या चौथ्या कलमांत कांहीं अपवाद सांगितले असून त्यांवर अट अशी घातली आहे कीं, ज्या देशांतील स्थिति सारखी आहे त्यांच्यांत मनमानी भेदभाव होईल, अथवा व्यापारास प्रच्छन्न अडथळा होईल, अशा रीतीनें अपवाद वापरूं नये. त्या कराराच्या जोडपत्रांत असेंहि स्पष्टीकरण आहे कीं, प्राणी व वनस्पति यांचें रोगापासून रक्षण करण्याचा जो अपवाद आहे, त्यांतच त्यांस नामशेष होण्यापासून वांचविण्याच्या उपायांचाहि समावेश होतो. हा करार व्यवहारांत फारसा रुजला नाहीं. परंतु त्याचे शब्द टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन येथें १९४६ सालीं नव्या व्यापार-कराराचा मसुदा चर्चेस निघाला, तेव्हां अपवादांचा दुरुपयोग होऊं नये म्हणून ब्रिटिश प्रतिनिधींनीं सुचविलेल्या शिरोवाक्यांत तीच अट जवळजवळ त्याच शब्दांनीं आली.

ता. ३० आक्टोबर १९४७ रोजीं जिनीव्हा येथें तेवीस राष्ट्रांनीं जकाती व व्यापार यांविषयींचा सर्वसाधारण करार केला. त्यालाच आद्याक्षरांवरून गॅट असें म्हणतात. भारत हा त्यांतील मूळच्या राष्ट्रांपैकीं एक होय. या कराराच्या विसाव्या कलमांत सामान्य अपवाद आहेत. त्यांपैकीं दोन प्रस्तुत विषयास लागू पडतात : एक, माणसें, प्राणी व वनस्पति यांच्या जीवितास वा आरोग्यास अवश्य असे उपाय; आणि दुसरा, ‘क्षय्य’, म्हणजे उपयोगानें संपून जाणारी, जी निसर्गसंपत्ति तिच्या जतनाशीं संबद्ध असे उपाय. मात्र दुसऱ्या अपवादास जोडअट आहे कीं, परकीयांस जो निर्बंध लावावयाचा तो स्वदेशांतील उत्पादनास अथवा उपभोगासहि लावलेला असला पाहिजे. आणि सर्व अपवादांच्या डोक्यावर पूर्वोक्त शिरोवाक्य आहे.

पाठभेद पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांच्या येथें एक गोष्ट लक्षांत येईल. १९२७ च्या जोडपत्रांतील ‘नामशेष होण्यापासून’ हें स्पष्टीकरण १९४७ च्या पाठांत नाहीं. त्याऐवजीं ‘क्षय्य निसर्गसंपत्ति’ हें नवें पद आलेलें आहे. या पदांत सजीव सृष्टि येते किंवा नाहीं, याचा उलगडा कराराच्या शब्दांत नव्हता; आणि पुढें सारा वाद येऊन ठेपला तो येथेंच.

वादाचें मूळ

कोळंबी पकडण्यासाठीं यांत्रिक होड्या समुद्राच्या तळाजवळून मोठें पिशवीसारखें जाळें ओढीत नेतात. कासव हा श्वासासाठीं पाण्यावर येणारा प्राणी आहे. तो या जाळ्यांत सांपडला म्हणजे त्यास वर येतां येत नाहीं व तो गुदमरून मरतो. यावर अमेरिकेंत एक उपाय निघाला : जाळ्याच्या गळ्याशीं गजांची तिरपी चौकट बसवावयाची, कोळंबी गजांमधून मागें जाते, आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या दारानें बाहेर पडतें. १९८७ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या कोळंबीच्या होड्यांस हें साधन लावण्याचे नियम केले. स्वदेशांतील कोळ्यांस जो खर्च पडतो तो परदेशच्या कोळ्यांस पडूं नये, हें तेथील कोळ्यांस रुचलें नाहीं. आणि कासव तर देशाची सीमा ओळखीत नाहीं. तेव्हां १९८९ सालीं एक कायदा होऊन, त्याच्या ६०९ व्या कलमानें, कासवास अपाय होईल अशा रीतीनें पकडलेली कोळंबी अमेरिकेंत आणण्यास मनाई झाली. ज्या देशाची व्यवस्था अमेरिकेसारखी आहे, असें अमेरिकन सरकार प्रमाणपत्र देईल, त्या देशास मनाई नाहीं. तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीसहि ती लागू नव्हती.

प्रथम हा निर्बंध कॅरिबियन समुद्र व पश्चिम अटलांटिक येथील चौदा देशांपुरता लागू झाला, व त्यांस तयारीसाठीं तीन वर्षांची मुदत मिळाली. पुढें निसर्गरक्षक संस्थांनीं दावा लावला, आणि १९९५ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानें ठरविलें कीं, कायद्यांत प्रदेशाची मर्यादा नसल्यामुळें तो ता. १ मे १९९६ पासून सर्व जगास लागू करावा. आशियांतील देशांच्या वांट्यास अशा प्रकारें अवघे चार महिने आले. अटलांटिकांतील कोळ्यास तीन वर्षें आणि बंगालच्या उपसागरांतील कोळ्यास चार महिने, हें अंतर वाचकांनीं लक्षांत ठेवावें. निवाड्यांत तें पुन्हां येणार आहे.

१९९६ च्या आक्टोबरांत चारी देशांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे धांव घेतली. ही संघटना १ जानेवारी १९९५ रोजीं स्थापन झालेली. तिच्यापुढील कामकाज नवीन. तत्पूर्वींच्या काळांतील एक निर्णय वादींस अनुकूल होता. डॉल्फिन ज्यांत मरतात अशा जाळ्यांनीं पकडलेल्या ट्यूना माशांच्या आयातीस अमेरिकेनें मनाई केली, तेव्हां मेक्सिकोच्या तक्रारीवरून १९९१ सालीं पंचांनीं अमेरिकेविरुद्ध मत दिलें होतें. आपल्या सीमेबाहेरील प्राण्यांसाठीं दुसऱ्या देशाच्या धोरणावर व्यापाराचें दडपण आणतां येत नाहीं, असा त्या मताचा आशय होता. परंतु त्या निर्णयास सभासद राष्ट्रांची संमति मिळून तो कधींच कायम झाला नाहीं.

वादी-प्रतिवादींचें म्हणणें

वादी देश कासवांचे वैरी होते, असा जो आरोप झाला तो कागदावरून टिकत नाहीं. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें समुद्री कासवांस रक्षण मिळालेलें आहे. ओरिसांतील गहिरमाथा येथें, जेथें ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें समुदायानें अंडीं घालण्यास येतात, तेथील समुद्र १९९७ सालीं अभयारण्य झाला. थायलंडनें तर १९९६ सालींच आपल्या होड्यांस तें साधन सक्तीचें केलें व अमेरिकेचें प्रमाणपत्रहि मिळविलें. तरीहि त्यानें दावा सोडला नाहीं. यावरून वादींची खरी तक्रार काय होती तें कळतें. कासव वांचवावें कीं नाहीं हा प्रश्न नव्हता; कसें वांचवावें हें कोणी ठरवावयाचें, हा प्रश्न होता.

भारत, पाकिस्तान व थायलंड यांनीं शब्दार्थाचाहि मुद्दा काढला. ‘क्षय्य’ म्हणजे ज्यांचा सांठा ठराविक आहे अशा खनिजादि वस्तु; प्राणी प्रजोत्पत्तीनें वाढतात, म्हणून ते क्षय्य नव्हेत. सर्वच निसर्गसंपत्ति क्षय्य मानली तर ‘क्षय्य’ हें विशेषण व्यर्थ ठरेल. शिवाय प्राण्यांसाठीं स्वतंत्र अपवाद त्याच कलमांत आहे, मग दुसऱ्या अपवादांत त्यांस पुन्हां कशास ओढावें? मीमांसा शिकलेल्या वाचकास हा युक्तिवाद परिचित वाटेल. शास्त्रांतील एकहि पद व्यर्थ मानूं नये, आणि पुनरुक्ति टाळतां येत असेल तर टाळावी, हीं त्याचीं दोन सूत्रें होत. युक्तिवाद दुबळा नव्हता. पण त्याच्या आड १९८२ व १९८८ सालचे दोन जुने पंचनिर्णय येत होते, ज्यांत ट्यूना, हेरिंग व सामन हे मासे क्षय्य संपत्तींत गणलेले होते.

निर्णय

पंचमंडळानें १९९८ च्या मे महिन्यांत वादींच्या बाजूनें निर्णय दिला. परंतु त्याची वाचनाची रीत विलक्षण होती. त्यानें प्रथम शिरोवाक्य घेतलें, आणि एका देशानें प्रवेशासाठीं दुसऱ्यांवर धोरण लादलें तर व्यापाराची सारी घडीच मोडेल, असें म्हणून पोटकलमांपर्यंत न जातांच प्रकरण संपविलें. अमेरिकेनें अपील केलें. अपील मंडळाच्या ज्या शाखेपुढें तें चाललें तिचे अध्यक्ष फिलिपाइन्सचे फ्लोरेंटिनो फेलिसियानो हे होते. ता. १२ आक्टोबर १९९८ रोजीं निवाडा झाला व ६ नोव्हेंबर रोजीं तो कायम झाला.

अपील मंडळानें पहिल्यानें वाचनाचा क्रम सुधारला. उपाय कोणत्या अपवादांत बसतो हें आधीं पाहावें. बसत असेल तर मग तो कसा वापरला हें शिरोवाक्यावरून तपासावें. अपवाद हा उपायाच्या स्वरूपाविषयीं बोलतो, शिरोवाक्य त्याच्या आचरणाविषयीं. स्वरूप ठरण्यापूर्वीं आचरणाचा दोष काढणें म्हणजे विधि कोणता हें न ठरवितांच त्याच्या अनुष्ठानांत वैगुण्य काढण्यासारखें आहे.

दुसरा प्रश्न पदाच्या अर्थाचा. मंडळानें म्हटलें कीं, सजीव जातींस प्रजोत्पत्तीची शक्ति असली तरी त्या नष्ट होऊं शकतात, व बहुधा माणसाच्याच कृतीनें होतात. म्हणून त्यांचा सांठाहि खनिजांइतकाच मर्यादित आहे. हें पद पन्नास वर्षांपूर्वीं योजलेलें असलें तरी आजच्या राष्ट्रसमुदायाच्या जाणिवेस अनुसरून तें वाचलें पाहिजे. यास आधार काय? मंडळानें तो १९९४ सालीं मराकेश येथें झालेल्या करारनाम्याच्या प्रस्तावनेंत शोधला. १९४७ च्या प्रस्तावनेंत जगांतील साधनांचा पूर्ण उपयोग करावा असें होतें. १९९४ च्या प्रस्तावनेंत त्या जागीं योग्य प्रमाणांत उपयोग करावा असें आलें, आणि टिकाऊ विकास व पर्यावरणाचें रक्षण हे शब्द जोडले गेले. एका विशेषणाचा हा बदल; पण कराराचा रोख कोठें वळला हें त्यावरून समजतें.

आम्ही अनेक वर्षें संस्कृत शिकविलें, त्यामुळें हा भाग वाचतांना पूर्वमीमांसेंतील एका अधिकरणाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. चोपडलेले खडे मांडावे असा विधि आहे. कशानें चोपडलेले तें सांगितलेलें नाहीं. तेल घ्यावें कीं तूप? पुढील वाक्यांत तुपाची स्तुति आहे, त्यावरून तूपच अभिप्रेत आहे असें ठरतें. विधींतील पद संदिग्ध असेल तर त्याच प्रकरणांतील उरलेल्या वाक्यानें त्याचा निर्णय करावयाचा, हें तें तत्त्व. जिनीव्हाच्या मंडळींनीं मीमांसा वाचली होती असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. त्यांचा आधार १९६९ च्या व्हिएन्ना करारांतील अर्थनियमांचा होता. परंतु संदिग्ध पदाचा अर्थ वाचकाच्या इच्छेवर न सोडतां प्रकरणावरून काढावा, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे. भेद इतकाच कीं, मीमांसकांचा वाक्यशेष त्याच प्रकरणांतला असतो, आणि मंडळाचा वाक्यशेष सत्तेचाळीस वर्षांनंतर लिहिला गेलेला आहे. वादी पक्षाची हरकत घेण्यास खरी जागा येथें होती, असें आमचें मत आहे.

सातहि जातींचीं समुद्री कासवें दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापाराविषयींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत, आणि प्रस्तुत जाती अमेरिकेच्या समुद्रांतहि येतात, म्हणून अमेरिकेचा त्यांच्याशीं पुरेसा संबंध आहे, असेंहि मंडळानें मानलें. स्वदेशांतील होड्यांस तोच नियम असल्यामुळें जोडअटहि पुरी झाली. येथवर अमेरिका जिंकली.

नंतर शिरोवाक्याची कसोटी लागली, आणि येथें अमेरिका हरली. मंडळानें दाखविलेले दोष असे : (१) दुसऱ्या देशांतील स्थिति न पाहतां त्यांनीं अमेरिकेचाच उपाय जसाच्या तसा उचलावा असा आग्रह धरला, (२) तें साधन लावून पकडलेली कोळंबीसुद्धां, देशास प्रमाणपत्र नाहीं एवढ्याच कारणानें, परत लावली, (३) अमेरिका खंडांतील देशांशीं वाटाघाटी करून १९९६ सालीं कासवांविषयीं करार केला, परंतु वादी देशांशीं तशी मनःपूर्वक वाटाघाट केली नाहीं, (४) एकांस तीन वर्षें व दुसऱ्यांस चार महिने मुदत दिली, (५) साधनाचें ज्ञान देण्याच्या प्रयत्नांतहि दुजाभाव केला, (६) प्रमाणपत्र नाकारतांना अर्जदार देशाचें म्हणणें ऐकण्याची, लेखी कारणें देण्याची अथवा फेरविचाराची सोय ठेविली नाहीं. पहिले पांच दोष आपल्या गांवांतील कोणत्याहि न्यायी माणसास कळतील असे आहेत. सहावा तर राज्यकारभाराचा मूलधर्म आहे.

कुडाळच्या अधिकाऱ्यास १६७१ सालीं शिवछत्रपतींनीं लिहिलेलें मिठाविषयींचें पत्र वाचकांस ठाऊक आहे. बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे संगमेश्वरकडील मीठ खपेल, असा त्याचा आशय आहे. तेथें स्वदेशीय मालाचें रक्षण हा हेतु उघड लिहिलेला आहे. शिरोवाक्याची भीति निराळी आहे : हेतु मिठाचा असावा आणि नांव कासवाचें घ्यावें. मंडळानें अमेरिकेवर असा दंभाचा ठपका ठेविला नाहीं. ठेविला तो मनमानीचा व पक्षपाताचा. निवाड्याच्या शेवटीं तर त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, पर्यावरणाचें रक्षण महत्त्वाचें नाहीं, किंवा कासवांसाठीं राष्ट्रांनीं उपाय करूं नयेत, असें आपण म्हटलेलें नाहीं. हा परिच्छेद दोन्ही बाजूंच्या टीकाकारांनीं वाचला असता तर निम्मा गैरसमज टळला असता.

उत्तरवृत्त

हेतु शुद्ध व आचरण सदोष, असा निर्णय झाला म्हणजे उपाय सुचतो तो आचरण सुधारण्याचा. अमेरिकेनें कायदा रद्द केला नाहीं. १९९९ सालीं तिनें नियम बदलले : तोच उपाय नको, परिणामानें तुल्य असा उपाय पुरे. तिनें हिंदी महासागर व आग्नेय आशिया येथील देशांशीं बोलणींहि चालविलीं, आणि त्या प्रदेशांतील कासवांविषयींचा सामंजस्य-लेख २००१ सालीं अमलांत आला. मलेशियानें पुन्हां तक्रार केली. २००१ च्या आक्टोबरांत अपील मंडळानें निकाल दिला कीं, मनापासून वाटाघाट करणें अवश्य आहे, ती यशस्वी होणें अवश्य नाहीं. सुधारलेला निर्बंध कायदेशीर आहे. १९९८ चा निवाडा ज्यानें मुळांतून वाचला होता त्यास या निकालाचें आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें.

आपल्या देशांत ‘जिंकलों’ या समजुतीचा तोटा झाला, असें आम्हांस वाटतें. कोची येथील मध्यवर्ती मत्स्यतंत्रज्ञान संस्थेनें आपल्या समुद्रास योग्य असें कासव सुटण्याचें साधन तयार केलें, तरी किनाऱ्यावरील होड्यांत तें सर्वत्र रूढ झालें नाहीं. परिणामीं २०१९ च्या सुमारास भारताच्या समुद्रांत पकडलेल्या कोळंबीस त्याच ६०९ व्या कलमाखालीं अमेरिकेचा बाजार बंद झाला. त्याची झळ निवाडे वाचणारांस नव्हे, तर किनाऱ्यावरील कोळ्यांस लागली. याच काळांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ पासून गांवकरी व चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था यांनीं कासवाच्या अंड्यांचें रक्षण चालविलें, हें सांगणें न्यायाचें होईल. कोणाच्याहि प्रमाणपत्राची त्यांनीं वाट पाहिली नाहीं.

आज हा विषय जुना झाला असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या कायद्यानें लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि आयात मालावर, तो तयार करतांना सुटणाऱ्या कार्बनच्या मानानें, १ जानेवारी २०२६ पासून आकार बसविण्याची तरतूद केली. भारतानें त्यास हरकत घेतली. त्या वादांतहि विसाव्या कलमाचे तेच शब्द आणि तेंच शिरोवाक्य पुढें येणार. परंतु १९९८ चा निवाडा ज्यानें दिला तें अपील मंडळ, सभासदांच्या नेमणुका अमेरिकेनें अडविल्यामुळें, २०१९ च्या डिसेंबरांत नवीं अपिलें ऐकण्यास असमर्थ झालें, आणि २०२० च्या नोव्हेंबरअखेर त्याचा शेवटचा सभासदहि निवृत्त झाला. पाठ राहिला, अर्थ सांगणारें पीठ रिकामें झालें. अशा वेळीं आपला पक्ष मांडणारांनीं ‘पर्यावरणाच्या नांवाखालीं व्यापार अडवितां येत नाहीं’ असा सरसकट दावा करूं नये. तो १९९८ सालींच फेटाळला गेलेला आहे. आपलें बळ आहे तें शिरोवाक्यांत : सारखी मुदत, सारखी वाटाघाट, स्थितीचा विचार आणि म्हणणें ऐकून घेण्याची रीत. अमेरिकेविरुद्ध मिळालेलें यश या चार गोष्टींवर मिळालें. तो निवाडा छापून प्रसिद्ध आहे व कोणाहि अभ्यासकास मिळूं शकतो. ज्यांस या विषयावर लिहावयाचें वा बोलावयाचें असेल त्यांनीं तो आधीं मुळांतून वाचावा, एवढीच आमची विनंति आहे.